एसटीचा पगार कोण ठरवतं? वेतनकराराचा अभ्यास सुरू करण्याआधी

कामगार आणि व्यवस्थापन यांच्या वाटाघाटींवर संशोधन करायचं म्हटलं की बरेच जण थेट संपापासून सुरुवात करतात. साहजिक आहे, संप दिसतो. गडहिंग्लज आगारातून नेसरीची, हलकर्णीची गाडी सुटली नाही की कॉलेजची पोरं वडाप शोधत फिरतात. पण तुमचा प्रश्न त्याच्या आधीचा हवा: चर्चेला बसायचा अधिकार कोणाला होता, आणि चर्चा नेमकी कशावर होती?

आधी अधिकार बघू. महाराष्ट्रात कामगार संघटनांच्या मान्यतेचा १९७१ चा कायदा आहे. त्यानुसार किमान सहा महिने ३० टक्के कामगार सभासद असलेली संघटना मान्यतेसाठी अर्ज करू शकते. मान्यता मिळाली की सगळ्यांच्या वतीने बोलायचा हक्क तिचा. एसटीत दर चार वर्षांनी वेतनकरार व्हायचा, तो याच चौकटीत. ही चौकट २०१६ नंतर डळमळली. ऑक्टोबर २०१७ मध्ये ऐन दिवाळीत चार दिवस संप झाला, उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. जून २०१८ मध्ये सरकारने ४,८४९ कोटींची वेतनवाढ जाहीर केली, संघटनांनी ती एकतर्फी म्हटली. इथे एक फरक वहीत लिहून ठेवा: करार म्हणजे दोघांच्या सह्या, घोषणा म्हणजे एकाची.

२०२१ च्या संपात मागणीच बदलली. कर्मचारी म्हणाले, महामंडळाचं राज्य सरकारमध्ये विलीनीकरण करा. यामागचं गणित समजून घ्या. महामंडळाचा पगार तेव्हा मुख्यतः तिकिटाच्या उत्पन्नावर चालायचा, सरकारी कर्मचाऱ्याचा वेतन आयोगावर. कोरोनात गाड्या थांबल्या आणि पगार लांबले. मग 'किती वाढ' यापेक्षा 'पगाराची हमी कोणाची' हा प्रश्न मोठा झाला. शिवाय आंध्र प्रदेशात १ जानेवारी २०२० पासून परिवहन कर्मचारी सरकारी सेवेत गेले होते, म्हणजे उदाहरण समोर होतं.

२४ नोव्हेंबर २०२१ ला तत्कालीन परिवहनमंत्री अनिल परब यांनी मूळ वेतनात वाढ जाहीर केली: दहा वर्षांपर्यंत सेवा असलेल्यांना ५,००० रुपये, दहा ते वीस वर्षांना ४,०००, वीसच्या वर २,५००. तरीही संप चालूच राहिला. न्यायालयाने नेमायला लावलेल्या समितीने विलीनीकरण शक्य नाही असं सांगितलं. शेवटी उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर हजर व्हायला सांगितलं. जवळपास सहा महिने चुलीवर काय शिजलं असेल, हाही संशोधनाचाच प्रश्न आहे.

आता आकड्यांकडे वळा. वाढ 'मूळ वेतनात' आहे की भत्त्यात, हे आधी तपासा. समजा महागाई भत्ता २८ टक्के आहे. मग मूळ वेतनातले ५,००० रुपये हातात येताना ६,४०० होतात, घरभाडं आणखी वेगळं. ठरावीक रकमेचा भत्ता असा वाढत नाही.

दुसरं, वाढ कोणाला किती? २०२१ च्या टप्प्यांमुळे नव्या-जुन्या कर्मचाऱ्यांमधलं अंतर कमी झालं, आणि वीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसाला सगळ्यात कमी मिळालं. सप्टेंबर २०२४ च्या दोन दिवसांच्या संपानंतर संघटनांच्या कृती समितीशी बोलणी झाली आणि सरसकट ६,५०० रुपये ठरले. म्हणजे आधी ५,००० मिळालेल्यांना आणखी १,५००, ४,००० वाल्यांना २,५००, आणि २,५०० वाल्यांना ४,०००. घोषणेने जी नवी तक्रार तयार केली, ती पुढच्या वाटाघाटीने मिटवली. हा धागा एकाच संपावर प्रबंध लिहिला तर हातातून निसटतो, म्हणून दोन-तीन फेऱ्या एकत्र वाचा.

विषय शोधत असाल तर लांब जायची गरज नाही. संकेश्वर गाठलं की कर्नाटकची परिवहन गाडी. तिथल्या कर्मचाऱ्यांनीही एप्रिल २०२१ मध्ये सरकारी वेतन आयोगासाठी संप केला होता. रस्ता तोच, प्रवासी बरेचसे तेच, मालक दोन. तुलनेसाठी आणखी काय हवं?

सुरुवात साधी करा. प्रत्येक फेरीसाठी कागदावर चार रकाने आखा: मागणी, देकार, शेवटी ठरलेलं, आणि सही कोणाची. मग कोणत्याही आगारातल्या वाहकाशी बोला, पण त्याची ड्युटी संपल्यावर. आणि वेतनचिठ्ठी दाखवली तर नाव झाकूनच टिपण घ्या. त्याची नोकरी तुमच्या प्रबंधापेक्षा मोठी आहे.