रुखवतातून कुशीत

आजीच्या रुखवतात क्रोशाचे सात रुमाल होते. पांढऱ्या दोऱ्याचे, कडेला कंगोरे असलेले. लग्नानंतर त्यातला एक रेडिओवर गेला, पुढे तोच टीव्हीवर आला. दोन फुलदाण्यांखाली होते. उरलेले चार कपाटात, डांबराच्या गोळ्यांच्या वासात. पाहुणे यायचे असले की ते बाहेर निघत आणि आम्हा नातवंडांना एकच ताकीद असे : हात लावू नका, काळे पडतील. क्रोशा म्हणजे लांबून बघायची वस्तू, हे माझ्या मनात तेव्हापासून बसलं.

आजी गेल्यावर तिची बारीक पोलादी सुई माझ्याकडे आली. गेल्या वर्षी मात्र मी आठ मिलिमीटरची, करंगळीएवढी जाड सुई विकत आणली आणि भाचीच्या तीन वर्षांच्या मुलीसाठी हत्ती विणला. बसलेला, हातभर उंच, राखाडी मखमली धाग्याचा. पहिल्याच संध्याकाळी तिने त्याला कानाला धरून घरभर फरफटवलं, त्याला वरणभात भरवला आणि त्याच्या पोटावर डोकं टाकून ती झोपली. मला आजीची ताकीद आठवली. जी कला मी कपाटात पाहिली होती, ती जमिनीवर लोळत होती आणि तिथेच ती मला शोभून दिसली. ती कपाटातून कुशीत कशी आली, याचा शोध मी त्या दिवसापासून घेते आहे.

सुईचा प्रवास

क्रोशा हा शब्द फ्रेंच, अर्थ छोटा आकडा. लेस विणण्याच्या आणि आकड्याने भरतकाम करण्याच्या पद्धती युरोपात जुन्या आहेत, पण आज आपण ज्याला क्रोशा म्हणतो त्याचे छापील नमुने सापडतात ते एकोणिसाव्या शतकापासून. 1820च्या दशकात ‘पेनेलोपे’ या डच मासिकात असे नमुने आले. 1840च्या दशकात आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक बुडालं, भीषण दुष्काळ पडला आणि तिथल्या कॉन्व्हेंटमधल्या जोगिणींनी गरीब बायकामुलींना क्रोशाची लेस शिकवली. एक सुई आणि दोरा, एवढंच भांडवल. त्या लेसच्या विक्रीवर अनेक कुटुंबं तगली.

भारतातही ही सुई मिशनऱ्यांच्या हातून आली. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात शिकवलेली क्रोशा लेस आजही हजारो घरांत विणली जाते. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत टेबलावरच्या आणि वेदीवरच्या कापडांच्या रूपाने ती रुजली. महाराष्ट्रात ती शाळेच्या शिवणकामाच्या तासातून आणि मासिकांत छापून येणाऱ्या नमुन्यांतून घरोघर पोचली. इथे तिला आपले शब्द मिळाले : साखळी, खांब, अर्धा खांब, मुका खांब. जागाही मिळाली, ती रुखवतात. नवरीच्या हातात किती कसब आहे, याचा तो पुरावा होता. पुरावा म्हटला की तो मांडून ठेवायचा, वापरायचा नाही.

बाळाची कुंची, टोपडं, पायमोजे एवढाच काय तो अपवाद. लोकरीचं ते विणकाम खरोखर अंगाला लागत असे. पण खेळणं? कापसाचा ससा रुखवतात असायचा, तोही बहुधा काचेच्या पेटीत.

जपानी गाठोडं

खेळण्यांचा धागा जपानकडे जातो. जपानी भाषेत ‘अमु’ म्हणजे विणणं आणि ‘नुइगुरुमी’ म्हणजे शिवून, आत भरण घालून केलेली बाहुली. या दोहोंच्या जोडातून ‘अमिगुरुमी’ हा शब्द झाला : विणलेली, भरलेली बाहुली. 1970च्या दशकात जपानमध्ये गोंडस, गुबगुबीत रूपांचं वेड पसरलं. हॅलो किटी ही मांजर 1974 सालची. त्याच हवेत मोठं डोकं, छोटं अंग, मण्यांसारखे डोळे असलेले विणलेले प्राणी लोकप्रिय झाले. या शतकाच्या सुरुवातीला ते जगभर गेले. हे प्राणी मुळात तळहातावर मावणारे. ते मांडीभर झाले, ते जाड धागा स्वस्त आणि मुबलक झाल्यावर.

सहाचा पाढा

असा प्राणी विणायला पाठ करावा लागतो तो सहाचा पाढा. पहिल्या फेरीत सहा मुके खांब. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे बारा. तिसऱ्यात एकाआड एक वाढवून अठरा. मग चोवीस, तीस, छत्तीस. प्रत्येक फेरीत सहाच टाके वाढवले तर वर्तुळ पाटासारखं सपाट राहतं.

सहाच का? वर्तुळाची त्रिज्या एकाने वाढली की परीघ सव्वासहाच्या आसपास वाढतो. मुका खांब जवळजवळ जेवढा रुंद तेवढाच उंच असतो, म्हणून एक फेरी चढली की परिघात सहाएक टाक्यांची जागा होते. वाढ थांबवून तेवढेच टाके विणत राहिलं की कापड वर उभं राहतं, वाटीचा गडू होतो. टाके घटवत नेले की तोंड मिटतं. हत्तीचं डोकं, धड, पाय सगळे याच हिशेबाचे. सोंड म्हणजे निमुळता होत जाणारा नळा. एका बाजूला टाके वाढवले आणि समोरच्या बाजूला तेवढेच घटवले की ती आपसूक वळते.

आणि सहापेक्षा जास्त वाढवले तर? कड लाटांसारखी चुणत जाते. लॅटव्हियात जन्मलेल्या गणितज्ञ डायना टायमिना यांनी अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठात 1997 साली याच चुणीतून अतिपरवलयी प्रतल क्रोशाने विणून दाखवलं. कागदाचे नमुने वर्गात फाटत होते, दोऱ्याचा नमुना विद्यार्थ्यांना हातात घेऊन दुमडता आला. पुढे मार्गारेट आणि ख्रिस्टीन वर्टहाइम या बहिणींनी 2005 पासून त्याच तंत्राने विणलेल्या प्रवाळांचा मोठा प्रकल्प उभा केला. माझ्या हत्तीच्या कानाच्या कडेला जी चूण आहे, तिचं गणित हेच.

आणखी एक गोष्ट मला थक्क करते. स्वेटर यंत्रावर विणता येतो, पण खराखुरा क्रोशा व्यापारी पातळीवर विणणारं यंत्र अजून नाही. तसं दिसणारं कापड यंत्रावर निघतं, टाका मात्र वेगळा असतो. म्हणजे बाजारात दिसणारी क्रोशाची प्रत्येक खरी वस्तू, मग ती कितीही स्वस्त असो, कुणाच्या तरी हातांनी टाका-टाका घालून केलेली असते.

जाड धागा

मोठ्या मऊ प्राण्यांसाठी सध्या सर्वांत जास्त वापरला जातो तो शेनिल धागा. फ्रेंचमध्ये शेनिल म्हणजे सुरवंट. मधल्या दोन दोऱ्यांच्या पिळात आखूड तंतू पकडलेले, म्हणून धागा केसाळ. आज हातात येतो तो बहुतेक पॉलिएस्टरचा.

हा धागा दिसायला लोभस, विणायला हट्टी. केसाळपणामुळे टाका डोळ्यांना दिसत नाही, बोटाने चाचपून शोधावा लागतो. मी पहिल्या रात्री आठ फेऱ्या विणल्या आणि आठही उसवल्या. उसवतानाच कळलं की ओढाओढ केली तर तंतू गळतात आणि आतला दोरा उघडा पडतो. मग सवयी बदलल्या. फेरी संपली की टाके मोजायचे, उद्यावर टाकायचं नाही. फेरीच्या सुरुवातीला वेगळ्या रंगाचा बारीक दोरा अडकवायचा आणि तो फेरीगणिक वर आणायचा. सुई धाग्याच्या वेष्टनावर सांगितली असेल त्याहून थोडी बारीक घ्यायची, म्हणजे टाक्यांच्या फटीतून भरण डोकावत नाही. कान, पाय जोडायला शेनिल वापरायचा नाही, तो तुटतो. त्याच रंगाचा मजबूत शिवणाचा दोरा घ्यायचा आणि शिवण्याआधी सगळे अवयव टाचण्यांनी लावून दुरून बघायचं. कान बोटभर खाली आला तरी हत्तीचा स्वभाव बदलतो.

आकाराचं गणितही समजून घ्यायला हवं. नमुना तोच, टाके तेवढेच, पण सुई आणि धागा दुप्पट जाड घेतला तर प्राणी दुप्पट उंच होतो. मात्र त्याच्या पोटात मावणारं भरण आठपट लागतं. धाग्याची लांबी साधारण दुप्पट आणि वजन जवळपास आठपट. म्हणून वीतभर सशाच्या अंदाजाने धागा आणणारीला हातभर हत्ती अर्ध्यावर सोडून दुकानात पळावं लागतं.

भरणासाठी शेवरीचा कापूस आजीने सुचवला असता. पण तो धुतला की गोळे होतात आणि पावसाळ्यात लवकर वाळत नाही. त्यामुळे पॉलिएस्टरचे तंतू भरतात. आपल्याकडे दुकानात त्याला सरसकट रेक्रॉन म्हणतात. ते रिलायन्सच्या ब्रँडचं नाव. भरण मूठ-मूठ पिंजून घालायचं. मान आणि पाय गच्च भरायचे, नाहीतर मोठं डोकं लुळं पडतं. पोट मात्र सैल ठेवायचं, तिथे डोकं टेकायचं असतं.

धागाही प्लॅस्टिकचा, भरणही प्लॅस्टिकचं, हे मला बोचतं. धुताना त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात. म्हणून मी कमी विणते, दुरुस्त करता येईल असं विणते आणि क्वचित, थंड पाण्यात धुवायला सांगते. धुतल्यावर हत्ती कानाला धरून दोरीवर टांगू नये. सावलीत आडवा वाळवावा.

कुशीची गरज

पण मूल एवढ्या मोठ्या मऊ प्राण्याला का बिलगतं? अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी 1950च्या दशकात माकडांच्या पिल्लांना आईपासून वेगळं करून दोन कृत्रिम आया दिल्या. एक तारेची, दूध देणारी. दुसरी टॉवेलच्या कापडाने गुंडाळलेली. पिल्लं दुधापुरती तारेकडे जात आणि बाकीचा वेळ कापडाला कवटाळून बसत. हा प्रयोग निर्दय होता आणि तो वाचताना आजही पोटात तुटतं. पण पोट भरण्याइतकीच मऊ स्पर्शाची भूक खरी असते, हे त्याने विज्ञानाला मान्य करायला लावलं. त्याच सुमारास ब्रिटिश बालमानसतज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी मुलाच्या लाडक्या चिंधीला, बाहुलीला संक्रमण-वस्तू म्हटलं. आईपासून सुटं होण्याच्या वाटेवर मूल तिचा आधार घेतं. ती मळली तरी मुलाला हवी असते आणि न विचारता धुतली तर ते रडतं, कारण तिचा ओळखीचा वास जातो.

डेन्मार्कमध्ये 2013 साली स्वयंसेवकांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी क्रोशाचे ऑक्टोपस विणायला सुरुवात केली. नळ्या ओढण्याऐवजी बाळाच्या मुठीत ऑक्टोपसचे पाय यावेत, ही कल्पना. त्याचे नियम कडक : शंभर टक्के सुती दोरा, 60 अंशांवर धुता येईल असा, पाय ताणल्यावरही 22 सेंटिमीटरपेक्षा लांब नकोत. विणणारीने हे भान ठेवायलाच हवं. वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपण्याच्या जागी कोणतंही मऊ खेळणं ठेवू नये, असं बालरोगतज्ञ सांगतात. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी प्लॅस्टिकचे डोळे नकोत, ते दोऱ्याने भरावेत. माझ्या हत्तीचे डोळे काळ्या सुती दोऱ्याचे आहेत.

बघायची वस्तू मुलांनीच कुशीत ओढली, असं याआधीही घडलं आहे. जर्मनीतल्या गिएंगेन गावात मार्गारेटे श्टाइफ राहत. लहानपणी पोलिओने त्यांचे पाय गेले होते. 1880 साली त्यांनी टाचण्या टोचायची गादी म्हणून नमद्याचा छोटा हत्ती शिवला. मुलांना तो खेळायला आवडला आणि त्यातून मऊ खेळण्यांचा प्रसिद्ध कारखाना उभा राहिला. जपानी कलावती तोशिको होरिउची मॅकअॅडम यांच्या विणलेल्या शिल्पावर 1970च्या दशकाच्या सुरुवातीला प्रदर्शनात आलेली मुलं चक्क चढली. शिल्प ताणलं, हललं, जिवंत झालं. त्यानंतर त्यांनी मुलांसाठीच विणायला घेतलं. हाकोनेच्या खुल्या संग्रहालयात 2009 साली उभारलेल्या लाकडी मंडपात त्यांचं रंगीत, प्रचंड जाळं लटकतं आणि मुलं त्यावर लोळतात, झोके घेतात.

फावल्या वेळाची किंमत

आता थोडं कडू. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवरचं पुस्तक 1982 साली प्रसिद्ध केलं. या बायका जगाच्या बाजारासाठी दिवसाचे कित्येक तास विणत होत्या, पण त्यांना कामगार कुणी मानत नव्हतं. घरी बसलेल्या गृहिणींचा फावला वेळ, असं म्हटलं की मजुरी कमी द्यायला मोकळीक मिळते.

आज आपल्या शहरांत अनेकजणी असे प्राणी विणून विकतात आणि त्यांनाही तेच ऐकावं लागतं : घरीच तर करता, एवढी किंमत कशाची? मी माझ्या हत्तीच्या धडाचे टाके मोजले. सहापासून अठ्ठेचाळीसपर्यंत वाढ, मग दहा फेऱ्या सरळ, मग परत सहापर्यंत घट : 864 टाके. मिनिटाला दहा टाके धरले तर नुसत्या धडाला दीड तास. डोकं, सोंड, पाय, कान, भरण, शिवण वेगळं. हे काम यंत्राने होत नाही, म्हणून त्याचा दर यंत्राच्या खेळण्याशी ताडून बघणं अन्याय आहे. विकणाऱ्यांनी कायदाही पाहावा. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना भारतीय मानकाचं चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी केलेल्या कारागिरांना त्यात सवलत आहे.

चेन्नईत जानेवारी 2016 मध्ये देशभरातल्या आणि परदेशातल्या बायकांनी विणलेले चौकोन जोडून 11 हजार चौरस मीटरहून मोठी गोधडी अंथरली गेली. गिनीजने विक्रम म्हणून तिची नोंद केली. एवढे हात आपल्याकडे विणत असतात, बहुतेक वेळा नाव न लागता.

दिवाळीच्या आधी हत्ती माझ्याकडे दुरुस्तीला आला. डावा कान लोंबत होता, पोटावर हळदीचा डाग होता, पाठीवरचे तंतू घासून विरळ झाले होते. कान शिवला. डाग राहू दिला. पाठीचं काय करावं ते सुचेना. मग कपाट उघडून आजीच्या सात रुमालांतला टीव्हीवरचा रुमाल काढला. साठ वर्षांत त्याला कुणाचा हात लागला नव्हता, कडेचा एक कंगोराही निसटलेला नव्हता. तो हत्तीच्या पाठीवर नेमका बसला. चारी बाजूंनी टाके घालून मी त्याची झूल केली.

आता तो काळा पडेल.