बंदुकीला मानवणारा बार

एकाच कारखान्यात लागोपाठ घडवलेल्या दोन रायफलींना एकच काडतूस सारखे मानवत नाही. नळीतले आटे, नळीचे तोंड, काडतूस बसते ती जागा यांत केसाएवढा फरक राहतोच आणि लांबवर नेम धरला की तो निशाणावर उमटतो. म्हणून दारू किती, गोळी किती वजनाची, ती पुंगळीत किती खोल बसवायची, हे एकेका हत्यारापुरते ठरवावे लागते. अमेरिकेत आणि युरोपातल्या काही देशांत हौशी नेमबाज हे काम घरी करतात. महाराष्ट्रात ती वाट बंद आहे, तरी हाताने बार भरणे इथे अनोळखी नाही.

जानेवारी १७३९मध्ये, वसईच्या मोहिमेत, मराठ्यांनी डहाणू आणि तारापूर ही किनाऱ्यावरची ठाणी पोर्तुगिजांकडून जिंकली. तारापूरच्या हल्ल्यात मराठा सरदार बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. त्या काळची बंदूक तोड्याची. शिपाई प्रत्येक बार जागेवर भरत असे आणि धुमसत्या तोड्याने दारू पेटवत असे. घाईत दारू कमी पडली तर गोळी वाटेतच दम तोडायची, जास्त पडली तर नळी फुटण्याचे भय. अंदाज सगळा हाताचा.

तोडा गेला, त्याच्या जागी घाव बसताच पेटणारी टोपी आली, पण तोंडाकडून बार भरणारी ठासणीची बंदूक कोकणात टिकून राहिली. नळी उभी धरून मापाने दारू ओतायची, वर चिंधी किंवा काथ्याचा बोळा घालून गजाने ठासायचे, मग छर्रे, त्यावर दुसरा बोळा. शेवटी मागच्या बोंडीवर टोपी बसवायची. बोळा सैल राहिला तर दारूचा जोर छर्र्यांच्या आजूबाजूने निसटतो. छर्रे आणि दारू यांच्यात पोकळी राहिली तर नळीला धोका. जाणता माणूस गजावर खूण करून ठेवतो. ठासल्यावर गज त्या खुणेपर्यंत आत गेला तर बार नेहमीएवढा, बाहेर राहिला तर आत काहीतरी जास्त आहे. इतकी साधी आणि इतकी खात्रीची तपासणी पुढच्या यंत्रयुगालाही फारशी सुधारता आलेली नाही.

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर मात्र बंदूक सर्रास कधीच नव्हती. वारली चित्रांतला शिकारी धनुष्यबाण घेतलेलाच ओळखीचा. इंग्रजांच्या १८७८च्या शस्त्र कायद्याने परवाना सक्तीचा केला आणि बंदूक मोजक्या हातांत राहिली. आजच्या १९५९च्या कायद्याच्या कलम १३मध्ये ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, तो पीकसंरक्षणासाठी. रानडुकरे भातशेतीत शिरतात त्या जंगलालगतच्या शेतकऱ्याला या तरतुदीचा अर्थ लगेच कळतो. पण बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची मुभा नव्हे. त्यासाठी १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वनखात्याची वेगळी परवानगी लागते.

काडतुसाने हे सगळे एका पुंगळीत आणले. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी टोपी, आत दारू, तोंडाशी गोळी. टोपीवर घाव बसला की ठिणगी, ठिणगीने दारू पेटून वायू आणि वायूच्या दाबाने गोळी पुढे. पितळ त्या क्षणी फुगून नळीला घट्ट बसते, वायू मागे येऊ देत नाही आणि पुन्हा किंचित आकसते. म्हणूनच पुंगळी पुन्हा भरता येते. जुन्या एकबारी रायफलींच्या काडतुसांच्या नावातच कधी कधी बार सांगितलेला असे. अमेरिकेतले १८७३चे ‘.४५-७०’ म्हणजे .४५ इंच व्यासाची गोळी आणि ७० ग्रेन काळी दारू. इंग्रजी फौजेची १८७१ची मार्टिनी-हेन्री रायफल ४८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमची गोळी टाकत असे. अशी जड गोळी सावकाश निघते, पण दूरवर जोर राखून जाते. तिचा धक्काही खांद्याला तसाच बसतो.

अशा रायफलीचा बार ठरवताना परदेशातले जाणकार छापील तक्त्यातल्या किमान मापापासून सुरुवात करतात. थोडी थोडी दारू वाढवत प्रत्येक मापाच्या काही गोळ्या झाडतात, वेग यंत्रावर मोजतात आणि कागदावरची छिद्रे किती जवळ पडली ते पाहतात. सर्वांत जोरकस बार सर्वांत अचूक क्वचितच असतो. बहुतेकदा मधल्याच एखाद्या मापावर छिद्रे एकत्र येतात आणि समजूतदार माणूस तिथेच थांबतो. टोपी चेपून सपाट झाली, पुंगळी नळीत अडकू लागली, तर दाब वाढल्याची ती सूचना. जुन्या, काळ्या दारूसाठी घडवलेल्या बंदुकीत धूरविरहित दारू भरणे तर जिवावर बेतणारे. १८८४मध्ये पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने शोधलेली ही दारू तेवढ्याच मापात फार जास्त दाब देते.

रिव्हॉल्व्हरचे गणित निराळे. तिची नळी आखूड, म्हणून दारू झटकन जळणारी हवी, आणि ती इतकी थोडी लागते की पुंगळीचा बराचसा भाग रिकामाच राहतो. खरा धोका इथेच आहे. चुकून दोनदा दारू पडली तरी ती पुंगळीत सहज मावते आणि बाहेरून काही कळत नाही. उलट दारू पडायचीच राहिली, तर नुसत्या टोपीच्या जोराने गोळी नळीत जाऊन अडकते आणि मागून दुसरी आली की नळी फुगते किंवा फुटते. शिवाय प्रत्येक धक्क्याने उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या पुढे सरकू पाहतात. एखादी बाहेर डोकावली की चक्रच अडते. म्हणून पुंगळीचे ओठ गोळीवर आवळून घ्यावे लागतात.

भारतात काडतुसे घरी भरणे सरळ गुन्हा ठरते. शस्त्र कायद्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेही दारूगोळ्यातच मोडतात. विनापरवाना दारूगोळा बनवण्याची शिक्षा २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. बार मोजण्याचे काम त्यामुळे कारखान्यांकडे गेले. १८६९पासून चालणारा खडकीचा कारखाना आणि जळगाव जिल्ह्यातला वरणगावचा कारखाना, दोन्ही महाराष्ट्रातलेच.

मग हत्यार आणि बार यांची जोडी इथे जमवायची कशी? याचे उत्तर ऑलिम्पिकच्या नेमबाजांनी शोधले आहे. तेजस्विनी सावंत यांनी २०१०मध्ये म्युनिकला जगज्जेतेपद मिळवले आणि स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकले, ते दोन्ही ५० मीटर रायफलमध्ये. ही रायफल एकबारी, ८ किलोपर्यंत वजनाची, .२२ व्यासाची. तिच्या काडतुसात पेटणारा मसाला बुडाच्या कडेत असतो, त्यामुळे ते पुन्हा भरण्याजोगे नसतेच. आणि निशाणावरचे दहाचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचे.

म्हणून बार बदलण्याऐवजी बार निवडला जातो. कारखान्यात एका खेपेला बनलेल्या काडतुसांचा एक लॉट असतो. दारू आणि शिसे तेच असले तरी लॉटागणिक वेगात बारीक फरक राहतो. गोळी सुमारे २.६ ग्रॅमची आणि ध्वनीपेक्षा किंचित कमी वेगाची ठेवतात, कारण तो उंबरठा ओलांडून परत खाली येताना ती डळमळते. काडतुसे बनवणाऱ्या एली कंपनीच्या ब्रिटनमधल्या आणि लापुआ कंपनीच्या जर्मनीतल्या चाचणी-केंद्रांत नेमबाजाची रायफल शिकंज्यात पक्की बसवतात, म्हणजे माणसाचा श्वास आणि हात हिशेबातून वगळले जातात. मग एकेका लॉटच्या दहा-दहा गोळ्या झाडून छिद्रांचा घेर मोजतात. एखाद्या रायफलीला महागड्या काडतुसापेक्षा दुसऱ्याच लॉटचे स्वस्त काडतूस मानवल्याचेही दिसते. जो लॉट जमला त्याची काडतुसे नेमबाज हजारांनी घेऊन ठेवतो, कारण तो संपला की तसाच दुसरा मिळेल याची हमी नसते. नळी बदलली, तर हीच चाचणी पुन्हा पहिल्या लॉटपासून करावी लागते.