घड्याळ बरोबर, वेळ चुकीची

काही वर्षांपूर्वी माझ्या भाचीला मुलगी झाली. १ जानेवारीची पहाट, तीन वाजून दहा मिनिटे. आम्ही बाहेर बाकावरच बसलो होतो. घरी निघताना रुग्णालयाने संगणकाची छापील चिठ्ठी दिली. तिच्यावर जन्म ३१ डिसेंबर, रात्री ९ वाजून ४० मिनिटे! पोरगी जन्मतःच एका वर्षाने मोठी झाली म्हणून आम्ही हसलो. भाची हसली नाही. म्हणाली, "मामू, शाळेत घालताना एका दिवसाने वर्ष इकडचं तिकडे होतं."

मी बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. पण तिथल्या तंत्रज्ञ मुलाने जे समजावले, ते तुम्हालाही सांगावेसे वाटते.

सगळ्या नोंदी सांभाळणाऱ्या मुख्य संगणकाला सर्व्हर म्हणतात. असे पुष्कळ सर्व्हर युनिक्स किंवा त्याच वळणाच्या लिनक्सवर चालतात. या यंत्राला आतून तारीख-वार ठाऊक नसतो. १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिचच्या मध्यरात्रीपासून ते फक्त सेकंद मोजते. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच झाले होते. सेकंदांची तारीख-वेळ करून दाखवण्याचा जो नियम, तो टाइम झोन. नियम ग्रिनिचचाच राहिला, तर आपली वेळ साडेपाच तास मागे दिसते. तीन-दहातून साडेपाच तास वजा करा, चिठ्ठीचे कोडे सुटते.

वेळ ही अशी सर्वांनी मिळून मानायची गोष्ट आहे, हे सोलापूरकराला नवे नाही. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची. आपण शहात्तरच्या जवळ. म्हणून सूर्य आपल्या डोक्यावर सरासरी बारा वाजून सव्वीस मिनिटांनी येतो, मुंबईत आणखी बारा मिनिटांनी. रमजानचे वेळापत्रक सोलापूरसाठी वेगळे छापतात ते यामुळेच. १८६० मध्ये इथे रेल्वे आली, १८७१ मध्ये रायचूरला ती मद्रासच्या मार्गाला मिळाली. गावोगावच्या वेळांवर गाड्या कशा चालणार? रेल्वेने मद्रासची वेळ धरली. १ जानेवारी १९०६ पासून आजची प्रमाणवेळ आली. मुंबईत मात्र एकोणचाळीस मिनिटे मागे असलेला 'मुंबई टाइम' पुढे कित्येक वर्षे टिकून होता.

आता दुरुस्ती. घड्याळ मागे दिसले की काही जण काटेच साडेपाच तास पुढे ढकलतात. ही मोठी चूक. सेकंदांची मोजणी बरोबरच होती. ती बिघडते आणि यंत्र भविष्यात जाऊन बसते. बदलायचा तो नियम. आजच्या बहुतेक लिनक्सवर 'टाइमडेटसीटीएल' ही आज्ञा आधी सध्याचा झोन दाखवते. मग प्रशासकाच्या अधिकाराने तिलाच 'सेट-टाइमझोन आशिया/कोलकाता' असे सांगायचे. यादीत सोलापूर नाही, मुंबईही नाही. साऱ्या भारतासाठी कोलकाताच. त्या नियमात इतिहाससुद्धा भरलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात आपली घड्याळे तासभर पुढे केली होती, तेही त्याला माहीत असते. शेवटी, आधीपासून चालू असलेले प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करावेत; त्यातले बरेच जण सुरू होतानाच नियम वाचून घेतात.

मुलाने दोन मिनिटांत हे केले. पडद्यावर खरी वेळ आली. भाचीच्या हातातली चिठ्ठी मात्र तशीच राहिली. आत नुसते सेकंद साठवले असतील तर नव्या नियमाने तारीख आपोआप सुधारते. पण एकदा शब्दांत लिहिलेली, कागदावर उतरलेली वेळ आपणहून बदलत नाही. ती माणसानेच दुरुस्त करावी लागते. आम्ही त्या रात्रीची वॉर्डातली हाताने लिहिलेली नोंद शोधून काढली आणि तारीख बदलून घेतली.

म्हणून मित्रहो, हातात पडलेला छापील कागद तिथल्या तिथे वाचा. आणि सर्व्हर सांभाळणाऱ्यांनो, वेळ नोंदवताना ती कुठली, हेही सोबत लिहा. पोरगी आता शाळेत जाते, आणि आपला वाढदिवस १ जानेवारीलाच करते.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)