समृद्धी महामार्ग : सरळ रस्त्याचा धोका

नागपूर ते ठाणे जिल्ह्यातील आमणे या ७०१ किलोमीटरच्या सहापदरी समृद्धी महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी वाहतुकीस खुला झाला. इगतपुरीजवळील सुमारे ८ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यासह अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. सपाटीवर मार्गाची आखणी गावे टाळून, शक्य तितकी सरळ करण्यात आली आहे. वळणे कमी असल्याने वेग टिकतो. पण तासन्‌तास तेच दृश्य पाहून चालकाची सावधता ओसरते, प्रसंगी डोळाही लागतो. १ जुलै २०२३ रोजी बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली व २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतर मार्गालगत विश्रांतिस्थळांच्या अभावाचा प्रश्न ऐरणीवर आला. खरे तर ही सोय रस्त्याबरोबरच व्हायला हवी होती.