शिपायांच्या वारसांनो, अधिकारी व्हा!

दरवर्षी १ जानेवारीला नगर रस्ता निळ्या झेंड्यांनी भरून जातो. पुण्याहून निघालेली माणसे खराडी, वाघोली, लोणीकंद मागे टाकीत जयस्तंभाकडे चालू लागतात. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीच्या काठी जे लढले आणि पडले, त्यांची ४९ नावे त्या स्तंभावर कोरलेली आहेत आणि त्यांतली २२ नावे महार सैनिकांची आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले आणि विस्मृतीत गेलेला हा इतिहास त्यांनी समाजाच्या हाती दिला. त्याचा अभिमान आपल्याला आहे आणि तो असलाच पाहिजे.

पण त्या स्तंभापुढे मान झुकवताना एक प्रश्नही विचारला पाहिजे. त्या दिवशी लढणारे आपले होते, हुकूम कोणाचा होता? हुकूम कॅप्टन स्टाँटनचा होता. बंदूक आपल्या खांद्यावर आणि निर्णय दुसऱ्याच्या हातात, ही स्थिती दोनशे वर्षांनंतर किती बदलली? आपल्या वस्त्यांमध्ये फौजेतून निवृत्त झालेले शिपाई, नाईक, हवालदार, सुभेदार भेटतात. कॅप्टन, मेजर, कर्नल किती भेटतात? प्रत्येकाने आपापल्या वस्तीत मोजून पाहावे.

इतिहास थोडा पुढे पाहू. १८९२ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने ‘लढाऊ जमाती’ या सिद्धांताचा आधार घेऊन महारांची सैन्यभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. १९१० मध्ये पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. त्या अर्जात मागणी काय होती? सरकारी नोकरीतल्या सर्वांत खालच्या जागा, पोलिसातली आणि पलटणीतली शिपाईगिरी द्या, एवढीच. दारच बंद असताना आधी दार उघडणे हेच त्या काळी क्रांतिकारक होते. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १११ महार ही पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि गरज संपताच १९२१ मध्ये मोडली गेली. पहिल्या गोलमेज परिषदेत सैन्यभरती सर्व समाजांना खुली करा, असा आग्रह बाबासाहेबांनी धरला. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली.

म्हणजे शिपाईगिरीचे दार उघडायलाच आपल्याला अर्धे शतक लढावे लागले. पण बाबासाहेबांची नजर तेवढ्यावर थांबणारी नव्हती. शासनातल्या माऱ्याच्या जागा हाती घ्या, हे ते समाजाला सांगत राहिले. त्यांचे वडील रामजीबाबा सुभेदार होते. हिंदी माणसाला त्या फौजेत त्याच्यापुढे फक्त सुभेदार-मेजरचे पद होते. बाबासाहेब मात्र बी.ए. होताच १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या सैन्यात लेफ्टनंट म्हणून नेमले गेले. ती नोकरी काही दिवसांचीच ठरली. तरीही बाप आणि लेक यांच्यातले अंतर पाहा : बाप सुभेदारीपर्यंत पोहोचायला आयुष्य झिजवतो आणि पदवी घेतलेला मुलगा पहिल्याच दिवशी अधिकारी होतो. हा फरक कशाने पडला? शिक्षणाने!

नेमकी हीच गोष्ट आजचा आपला तरुण विसरला आहे. सैन्य म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे मैदान, धावणे आणि छाती मोजणे उभे राहते. त्यातही २०२२ पासून अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांनाच कायम करणार. राहिलेल्या तरुणांनी पंचविशीच्या आत पुन्हा रांगेत उभे राहायचे. ज्याच्या घरात पदवीपर्यंत शिकण्याची सोय आहे, त्याने तरी हा रस्ता धरण्यापूर्वी दुसरा रस्ता पाहायला नको काय?

दुसरा रस्ता महाविद्यालयातून जातो. राष्ट्रीय छात्रसेना म्हणजे एन.सी.सी. १९४८ च्या कायद्याने स्थापन झाली. पदवीच्या पहिल्या वर्षी तिच्यात नाव नोंदवले, कवायत आणि शिबिरे नियमित केली, तर साधारणपणे तिसऱ्या वर्षी ‘सी’ प्रमाणपत्राची परीक्षा देता येते. ‘सी’ प्रमाणपत्रात किमान ‘बी’ श्रेणी आणि पदवीला ५० टक्के गुण असले, तर एन.सी.सी. विशेष प्रवेश योजनेतून लेखी परीक्षा न देता अर्ज करता येतो आणि निवड झालेल्या अर्जदारांना थेट एस.एस.बी.च्या मुलाखतीला बोलावतात. ही योजना मुलामुलींना दोघांनाही खुली आहे. निवड झाली की चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत प्रशिक्षण आणि नंतर लेफ्टनंटचे पद. ज्याच्याकडे एन.सी.सी. नाही, त्याला यू.पी.एस.सी.ची सी.डी.एस. परीक्षा आहे. ती वर्षातून दोनदा होते आणि चेन्नईच्या अकॅडमीसाठी तिच्यात गणिताचा पेपरही नसतो. कायद्याच्या पदवीधरांसाठी सैन्याची विधी शाखा आहे. तिच्यासाठी एल.एल.बी.ला ५५ टक्के गुण लागतात, वयाची मर्यादा २७ आहे आणि अलीकडे क्लॅटची पदव्युत्तर परीक्षाही द्यावी लागते. आमच्या वकिली व्यवसायात येणाऱ्या किती मुलांना ही शाखा माहीत असते?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आपल्या घरांमध्ये स्पर्धा परीक्षेचा हिशेब सवलतीवर मांडला जातो. यू.पी.एस.सी.च्या नागरी सेवा परीक्षेत अनुसूचित जातीच्या उमेदवाराला ३७ वर्षांपर्यंत बसता येते. त्यामुळे ‘अजून वेळ आहे’ ही भावना घट्ट बसली आहे. लष्करी अधिकाऱ्याच्या भरतीत असे काही नाही. तेथे आरक्षण नाही आणि जातीच्या आधारावर वयात एक दिवसाचीही सूट नाही. सी.डी.एस.ला अनुसूचित जाती-जमातींना परीक्षा शुल्क माफ आहे, सवलत म्हणावी ती एवढीच. पंचविशीच्या आसपास हे दार बंद होते. शिष्यवृत्ती रखडली, वर्ष वाया गेले, घरासाठी मध्येच नोकरी धरावी लागली, असे आपल्या मुलांचे होते. त्यांना या रस्त्याची माहिती मिळते तेव्हा ती चोवीस-पंचवीस वर्षांची झालेली असतात. ती नालायक ठरत नाहीत, ती उशिरा पोहोचतात. म्हणून हा निर्णय पदवीनंतर नव्हे, बारावीच्या निकालाच्या दिवशी घ्यायचा असतो.

घटनेच्या अनुच्छेद १६(४) चे तत्त्व लष्करात का नको, हा प्रश्न चळवळीने लावून धरलाच पाहिजे. लष्कराचे दार न्यायालयातूनही हलते, हे आपण पाहिले आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महिला अधिकाऱ्यांना कायम कमिशनचा हक्क दिला. २०२१ च्या आदेशानंतर खडकवासल्याच्या प्रबोधिनीत मुली दाखल झाल्या आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. पण न्यायालयीन लढाईला वर्षे लागतात आणि तोवर आपल्या मुलांचे वय थांबत नाही. म्हणून दोन्ही लढाया एकाच वेळी लढाव्या लागतील.

एस.एस.बी. पाच दिवस चालते. तेथे मानसशास्त्रीय चाचण्या असतात, मैदानावर गटाने करायची कामे असतात, मुलाखत असते. पाठांतर तेथे चालत नाही. चार अनोळखी मुलांमध्ये उभे राहून न घाबरता बोलणे, जबाबदारी घेणे, हुकूम देणे हे पाहिले जाते. हुकूम देणे! ज्या समाजाला हजारो वर्षे फक्त हुकूम ऐकायला लावले, त्याच्या मुलाला हे एका महिन्याच्या क्लासमध्ये कसे येईल? ते तीन वर्षांच्या कवायतीतून, शिबिरांतून, तुकडीचे नेतृत्व करण्यातून येते. म्हणूनच एन.सी.सी.चे महत्त्व प्रमाणपत्रापेक्षा मोठे आहे.

काही धम्मबांधव विचारतील, बौद्धाने शस्त्र का धरावे? त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ पुन्हा वाचावा. मारण्याची इच्छा आणि मारण्याची अपरिहार्य गरज यांत बुद्धाने फरक केला आहे, असे बाबासाहेबांनी तेथे मांडले आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे. आणि शस्त्र कधी धरायचे नाही, हे ठरवण्याचा अधिकारही निर्णयाच्या जागी बसलेल्यालाच असतो.

महार रेजिमेंटमधून देशाला दोन लष्करप्रमुख मिळाले, जनरल कृष्ण राव आणि जनरल सुंदरजी. त्याच रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी मुंबईत विज्ञानाची पदवी घेतली, मद्रासच्या अधिकारी प्रशिक्षण केंद्रातून १९७२ मध्ये कमिशन मिळवले आणि २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत लढताना वीरमरण पत्करून परमवीरचक्र मिळवले. त्यांना आपला मानाचा जय भीम. पण महाविद्यालयातून अधिकारीपदाकडे जाणारा हा रस्ता ज्यांना ठाऊक होता, ते त्यावरून गेले. तो आपल्या मुलांनाही ठाऊक झाला पाहिजे.

त्यासाठी मोठा निधी नको. खराडी, चंदननगर, येरवड्यापासून प्रत्येक वस्तीतल्या विहारात बारावीच्या निकालानंतरच्या पहिल्या रविवारी मुले-मुली आणि पालकांची बैठक घ्या. कोणत्या महाविद्यालयात एन.सी.सी. आहे, त्याची यादी फळ्यावर लावा. निवृत्त सुभेदारांनी मुलांना धावायला आणि शिस्त शिकवावी, वकील-प्राध्यापकांनी इंग्रजी बोलायला शिकवावे. नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात राज्य सरकार एस.एस.बी.ची मोफत तयारी करून देते, तेथे मुले पाठवा. बार्टीने शिपाई भरतीपुरते न थांबता एस.एस.बी.चे निवासी वर्ग पदवीच्या पहिल्या वर्षापासून चालवावेत, ही मागणी प्रत्येक संघटनेने लेखी करावी.

१९१० मध्ये आपल्या पूर्वजांनी सर्वांत खालची जागा मागितली, कारण तेवढीही मिळत नव्हती. त्यांच्या पणतवंडांनी शंभर वर्षांनंतरही तीच जागा मागत राहणे, हा त्यांचा सन्मान नव्हे. जयस्तंभावरच्या शूरांना खरी मानवंदना द्यायची असेल, तर या जून महिन्यात महाविद्यालयात पाऊल ठेवणाऱ्या आपल्या मुलीचे, आपल्या मुलाचे नाव एन.सी.सी.त घाला.

जय भीम!