पट्टी दुधाला लावायची की पेंडीला?

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील बेलापूरच्या आसपासच्या गोठ्यांत पेंडीची पोती आणि मुरघास या दोन गोष्टी बहुतेक दिसतातच. भंडारदऱ्याचं धरण 1926 मध्ये पूर्ण झालं, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला. आता उसाच्या जोडीला संकरित गायींचा आधार आहे. डेअरीत दुधाचा दर फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून उरलेल्या घन पदार्थांवर) ठरतो. मात्र दुधात असं एक विष येऊ शकतं, जे या दोन्ही आकड्यांत दिसत नाही, वासाला येत नाही आणि दूध उकळूनही जात नाही.

ते म्हणजे अफ्लाटॉक्सिन. ॲस्परजिलस फ्लेव्हस ही ते विष तयार करणारी हिरवट-पिवळी बुरशी ओलसर शेंगदाणा, मका आणि सरकीवर वाढते. परतीच्या पावसात भिजलेलं कणीस नीट न वाळता पोत्यात गेलं, की तिला हवं ते सगळं मिळतं. जगाला तिच्या विषाची ओळख पटली 1960 मध्ये. इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले आणि माग निघाला ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत. आपल्या शेजारी हे माणसांवर बेतलं. 1974 मध्ये राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल भागात बुरशी लागलेला मका खाऊन 397 जण आजारी पडले, त्यांतले 106 दगावले. 1995 मध्ये अवेळी पावसात भिजलेल्या ज्वारी-मक्यातून फ्युमोनिसिन हे दुसरं बुरशीविष दख्खनच्या पठारावरच्या गावांत पोटदुखी आणि जुलाब घेऊन आलं. काळी पडलेली ज्वारी नगर जिल्ह्याला काही नवी नाही.

गायीच्या पोटात गेलेलं अफ्लाटॉक्सिन बी-1 यकृतात बदलतं आणि एम-1 होऊन दुधात उतरतं. खाल्लेल्या विषाचा साधारण 1 ते 6 टक्के भाग असा बाहेर पडतो. पशुखाद्याच्या भारतीय मानकात बी-1 ची मर्यादा किलोमागे 20 मायक्रोग्रॅम आहे. हिशोबाच्या सोयीसाठी गाय 10 किलो खाद्य खाते आणि 20 लिटर दूध देते असं धरू. मर्यादेतल्या खाद्यातून 200 मायक्रोग्रॅम पोटात गेलं, त्यातलं 2 टक्के दुधात आलं, तर लिटरमागे 0.2 मायक्रोग्रॅम पडतं. भारताची मर्यादा 0.5 आहे, म्हणजे आपण पास. युरोपची मर्यादा 0.05 आहे, तिथे हेच दूध चौपटीने नापास. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या देशव्यापी पाहणीत 6,432 नमुन्यांपैकी 368 नमुने भारताची ढिली मर्यादाही ओलांडून गेले होते.

0.5 मायक्रोग्रॅम म्हणजे हजार लिटरच्या टाकीत अर्धा मिलिग्रॅम. इतकं थोडं पकडायचं तर प्रयोगशाळेतली महागडी यंत्रं हवीत, आणि अहवाल हाती येईपर्यंत दूध पिऊन संपलेलं असतं. बायोसेन्सरची गरज इथे सुरू होते. कल्पना जुनी आहे: 1962 मध्ये लेलंड क्लार्क यांनी विद्युताग्रावर विकर बसवून ग्लुकोज मोजण्याची वाट दाखवली. ओळखण्याचं काम जैविक रेणूकडे आणि ते आकड्यात किंवा रंगात सांगण्याचं काम उपकरणाकडे. बुरशीविषासाठी ओळखणारा रेणू बहुधा प्रतिपिंड असतो. अलीकडे अ‍ॅप्टामर, म्हणजे डीएनएचे निवडून काढलेले तुकडे, वापरले जातात. ऑक्रॅटॉक्सिन या आणखी एका बुरशीविषासाठीचा अ‍ॅप्टामर 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रतिपिंडापेक्षा तो उष्णतेला जास्त टिकतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवायच्या वस्तूबाबत हा गुण मोठाच.

सर्वांत व्यवहार्य रूप म्हणजे कागदी पट्टी. घरगुती गर्भचाचणीच्या पट्टीशी तिचं नातं आहे, पण वाचायची रीत उलटी. अफ्लाटॉक्सिनचा रेणू इतका लहान, की त्याला दोन प्रतिपिंड दोन बाजूंनी धरू शकत नाहीत. म्हणून पट्टीवर आधीच लावलेलं विष आणि नमुन्यातलं विष यांच्यात प्रतिपिंडासाठी चढाओढ लावतात. विष जास्त, तर रेघ फिकी. फार जास्त, तर रेघ नाहीच. पहिल्यांदा वापरणारा रेघ दिसली नाही म्हणून खूश होणार, हे उघड आहे. हैदराबादजवळच्या पाटणचेरूतील इक्रिसॅट संस्थेने अशी स्वस्त पट्टी विकसित केली. चाचणी 2 डॉलरच्या आत, पाव तासात.

मग अडतं कुठे? माझ्या मते रसायनशास्त्रात फारसं नाही, नमुन्यात अडतं. विष पोतंभर सारखं पसरलेलं नसतं. मूठभर दाण्यांत ते एकवटतं आणि बाकीचा माल निर्दोष असतो. वरची ओंजळ तपासून काही कळत नाही. अनेक पोत्यांत वर, मध्ये, तळाशी पोकळ सळई खुपसून माल काढायचा, एकत्र दळायचा, मिथेनॉल-पाण्यात हलवून गाळायचा, मग पट्टी. अतिसंवेदनशील सेन्सरचे शोधनिबंध ढिगाने निघतात. दळणाच्या या कंटाळवाण्या पायरीवर मात्र कुणाला नाव कमवायचं नसतं.

दुसरा प्रश्न, पट्टी लावायची कुठे? डेअरीत लावली तर अनेक गोठ्यांचं दूध एकत्र झालेलं असतं, आणि नापास ठरलं की भुर्दंड शेतकऱ्यावर. पेंड विकणारा नामानिराळा. म्हणून पट्टी पेंडीच्या गोदामात आणि मुरघासाच्या तोंडाशी हवी. गाडीभर मालाला मोजक्या चाचण्या पुरतील, आणि तो खर्च खाद्य विकणाऱ्याने किंवा दूध उचलणाऱ्या संस्थेने सोसावा, दोन गायींच्या मालकाने नव्हे. खाद्यात विष सापडलंच तर इलाज लांबचा नाही: खराब खाद्य बंद केल्यावर तीन-चार दिवसांत दुधातलं एम-1 जवळपास नाहीसं होतं.