३०० चे ४४ की २५५? व्हेक्टर रूपांतरात कंपायलर काय करतो

सी भाषेत १६-बिटची संख्या ८-बिटच्या अनसाइन्ड कॅरेक्टरमध्ये टाकली की फक्त खालचे ८ बिट उरतात. ३०० टाकले तर ३०० वजा २५६, म्हणजे ४४ मिळतात. एका संख्येपुरतं हे सोपं आहे. पण फोटोतले लाखो पिक्सेल असेच बदलायचे असतील, तर कंपायलर व्हेक्टर सूचना वापरतो, म्हणजे एका झटक्यात अनेक संख्या. कंपायलरमध्ये संशोधन करायचं मनात असेल, तर हे एवढंसं रूपांतर नीट समजून घ्या. संशोधनाचा प्रश्न कसा दिसतो ते इथे कळतं.

एसएसई२ मध्ये एक रजिस्टर १२८ बिटचं असतं. त्यात १६-बिटच्या ८ संख्या मावतात आणि ८-बिटच्या १६. म्हणजे टाइप बदलला की दोन रजिस्टरमधला माल एकात भरावा लागतो. त्यासाठी ‘पॅकयूएसडब्ल्यूबी’ ही सूचना आहे. पण गंमत अशी, की ती जास्तीचे बिट कापत नाही, तर संख्या मर्यादेत दाबून बसवते. तिला ३०० दिले तर २५५ मिळतात, वजा ५ दिले तर शून्य. सीच्या नियमाने मात्र ४४ आणि २५१ यायला हवेत.

मग कंपायलर काय करतो? आधी दोन्ही रजिस्टरवर २५५ चा अँड लावतो. वरचे ८ बिट शून्य झाले की पॅक करताना दाबायला काही उरतच नाही. उत्तर बरोबर येतं, पण १ सूचनेच्या जागी ३ लागतात. एव्हीएक्स-५१२ मध्ये थेट बिट कापणारी सूचना आहे, पण ती सगळ्या प्रोसेसरमध्ये नसते. एसएसई२ मात्र प्रत्येक ६४-बिट इंटेल किंवा एएमडी मशीनवर असतंच, अगदी उदगीर-नांदेडच्या कॉलेज लॅबमधल्या जुन्या पीसीवरसुद्धा. म्हणून इथली सुधारणा साध्या मशीनलाही उपयोगी पडते.

आता सुधारणा कुठे करता येईल ते बघू. दोन फोटोंची सरासरी काढायची आहे असं समजा. प्रत्येक पिक्सेल ० ते २५५, बेरीज ० ते ५१०, निम्मं केलं की पुन्हा ० ते २५५. म्हणजे वरचे बिट आधीच शून्य आहेत आणि अँडची गरजच नाही. हे ‘आहेत’ सिद्ध करणं म्हणजेच डेटा फ्लो ॲनालिसिसचं काम. आयआयटी मुंबईचे उदय खेडकर, अमिताभ सान्याल आणि बागेश्री करकरे यांचं २००९ मधलं पुस्तक याच विषयावर आहे. जीसीसीच्या अंतरंगावर काम करणारं रिसोर्स सेंटरही तिथलंच.

पण घाई नको. ‘पीएव्हीजीबी’ ही सरासरीची तयार सूचना बघून मोह होतो, पण ती बेरजेत १ मिळवून मग निम्मं करते. ४ आणि ५ ची सरासरी सीच्या पूर्णांक भागाकारात ४ येते, या सूचनेत ५. इथे एक फरक पक्का लक्षात ठेवा: अनावश्यक अँड राहिला तर थोडा वेळ जातो, गरजेचा अँड काढला तर उत्तर चुकतं आणि कुठलाही एरर येत नाही. म्हणून खात्री नसेल तेव्हा कंपायलर अँड ठेवतो, आणि ते बरोबरच आहे.

करून बघा. दोन छोटी फंक्शन लिहा: एकात कुठल्याही १६-बिट संख्यांचं ८-बिटमध्ये रूपांतर, दुसऱ्यात दोन ८-बिट ॲरेंची सरासरी. जीसीसीला ओ-३ पातळी देऊन असेंब्ली काढा आणि पॅकच्या आधी ‘पँड’ सूचना शोधा. पहिल्यात ती हवीच. दुसऱ्यात दिसली, तर ती का राहिली? रेंजची माहिती कंपायलरच्या कुठल्या टप्प्यावर हरवली? हा झाला तुमचा प्रश्न. उपाय सुचला की तपासणीही आवाक्यात आहे: दोन बाइटच्या सगळ्या जोड्या मिळून ६५,५३६ होतात. एकही सोडू नका, सगळ्या चालवून बघा. वेग किती वाढला ते त्यानंतर मोजायचं.